बादली

या धावपट्टीवर नुसती ग्लायडर उडतात,
इंजिन नसलेली, पांढरी,
दोरानं ओढून आभाळात सोडलेली.
त्यांची सावली गवतावरून सरकली
की कुठूनशी एक शिट्टी, मग दहा,
आणि मैदान रिकामं.
ओडोन म्हणतो, यांना ससाणा आणि माणूस
अजून वेगळा ओळखता येत नाही.
थोडं थांबून: चुकतातच असंही नाही.

तो पालथ्या बादलीवर बसलेला.
जस्ताची बादली, कडीला सुतळी गुंडाळलेली.
शेजारी मी, ओल्या गवतात, मांडीवर वही:
पहिली ओळ, सातवं बीळ, उघडं.

हे लोक म्हणतात ऊर्गे. मी काय म्हणू?
खार म्हणावं तर झाड कुठंय?
झाडावरून उतरून
जमिनीत नांदायला गेलेली चुलत घरची खार ही,
शेपूट आखूड, डोळे मोठे, कान असून नसल्यासारखे.
पाठीवर पट्टे नाहीत.
हिच्या पाठीवरून कुणी कधी बोटं फिरवली नाहीत,
फिकट ठिपके तेवढे,
कोंडा सांडावा तसे.
उभी राहते मात्र हात पोटाशी धरून,
शेवटची बस चुकलेली बाई उभी राहते तशी.

आम्ही ओतायचो, ओडोन सांगतो.
ओतायचो. एवढंच.
कालव्यातून पाणी आणायचं,
एका दारात एक बादली, दुसरी,
तिसरीला ती भिजून, गुदमरून
मागच्या दारानं बाहेर यायची,
आणि तिथं पोतं धरून थोरला वेंडेल.
आई पापरिका घालून शिजवायची.
चांगली लागायची, म्हणतो. लाजत नाही.

वेंडेल सतरा वर्षांचा असताना
एका नोव्हेंबरात, रात्री,
दलदल तुडवत ऑस्ट्रियात गेला.
पुढची पत्रं विनिपेगहून.
मग पत्रंही नाहीत.

आता ऊर्गेला हात लावला तर दंड.
गाई विकल्या गेल्या, कुरणं नांगरली,
गवत आखूड राहिलं ते या पट्टीवरच,
म्हणून उरलेल्या सगळ्या इथं,
विमानांच्या पोटाखाली.
एप्रिलमध्ये उद्यानाच्या कचेरीतून फॉर्म येतो.
मोजायला ओडोन.
ज्यानं खाल्ल्या, त्यालाच दारं ठाऊक.

मे लागला तशी एका दुपारी ढगफुटी झाली.
पोरांनी ग्लायडर हँगरमध्ये ढकलली.
पाणी धावपट्टीभर पसरलं,
प्रत्येक तोंडाशी जरा घुटमळलं
आणि आत गेलं.
आम्ही पत्र्याखाली उभे.
ओडोन एकाएकी बादली उचलून निघाला,
ऐंशी वर्षांचा माणूस, त्या पावसात,
तिसऱ्या ओळीतल्या एका बिळाशी वाकला,
बादली त्यावर पालथी घातली,
वर वीट ठेवली,
आणि परत येऊन टोपी पिळत बसला.
बादली एक. बिळं दोनशे सोळा.
मी काही बोलले नाही.
फॉर्ममध्ये याला रकाना नव्हता.

सकाळी वीट काढली, बादली उचलली.
आत काळोख, कोरडा,
कडेला चार काड्या.
कुणी नाही.
ओडोन गुडघ्यांवर बसला, कान मातीला लावून.

शिट्टी आली ती पाठीमागून,
चांगली दहा पावलं लांबून.
चिखलानं माखलेली, चिडलेली,
मागच्या दारात ती उभी,
हात पोटाशी.

ओडोन वळला.
तिच्याकडे नाही,
तिच्या बाजूच्या रिकाम्या गवताकडे
बराच वेळ बघत राहिला.
मग म्हणाला, लिही.